देव्हाऱ्यातला डॉलर

सांगलीहून पहाटे निघालो. विनायक, म्हणजे माझा नवरा, गाडी चालवत होता आणि मी मांडीवरच्या फोनमध्ये एकच फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होते. विट्याच्या पुढे उजाडलं, दहिवडीला चहा झाला, फलटण मागे पडलं, तरी मी त्या फोटोतच. शेवटी विनायक म्हणाला, "बोटाने घासून घासून ते नाणं आणखी झिजवशील."

फोटो जरा हललेला होता. एक सुरकुतलेला तळहात आणि त्यावर जुन्या चांदीच्या रुपयाहून बरंच मोठं नाणं. नाण्यावर एक बाई बसलेली. तिचा एक हात ढालीवर टेकलेला, दुसऱ्या हातात काठी. चेहरा जवळजवळ पुसला गेलेला आणि अंगावर हळदीकुंकवाचे डाग.

फोटो माधुरीने पाठवला होता. माधुरी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, नगरला डोळ्यांची डॉक्टर. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय.) पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात तिने डोळे तपासणीचं शिबिर घेतलं होतं. तिथे एक आजी तपासून झाल्यावरही खुर्चीवरून उठेनात. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, तांबड्या फडक्यातून हे नाणं काढलं आणि माधुरीपुढे धरलं. "बाई, हिचं तोंड मला दिसंना झालंय. माझं डोळं गेल्यात का हीच पुसलीया, तेवढं सांगा."

माधुरीने मोतीबिंदू असल्याचं सांगितलं आणि शस्त्रक्रियेची तारीख दिली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. पण नाण्यामागचा पंख पसरलेला पक्षी बघून तिला माझी आठवण झाली. वर्षानुवर्षं मी तिला याच पक्ष्याच्या गोष्टी सांगून पिडलं आहे.

माझं सांगलीत चष्म्यांचं दुकान आहे आणि छंद आहे एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेचे चांदीचे डॉलर जमवण्याचा. हे ऐकून लोक आधी हसतात, मग विचारतात, आपली शिवराई सोडून हे कुठलं खूळ? पुण्याच्या एका प्रदर्शनात मी भिंगाखाली असा एक डॉलर पाहिला आणि त्यावरची ती बसलेली बाई मला आवडली, एवढंच. ती राणी नाही, कुणाची बायको नाही, ती म्हणजे स्वातंत्र्य. तेव्हापासून मी तिच्या मागे आहे. पण आजवर जमवलेली सगळी नाणी लिलावातून आणि व्यापाऱ्यांकडून घेतलेली. आपल्याकडच्या मातीत आलेलं, आपल्याकडच्या हातांनी सांभाळलेलं एकही नाही. नगर जिल्ह्यात त्या काळी अमेरिकन मिशनरी येऊन राहिले होते, त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले. त्यांच्या पेट्यांतून चार डॉलर नक्की आले असणार, असं मी नेहमी म्हणत असे. बाकीच्यांचे रुपये किंवा पाटल्या झाल्या असतील, पण एखादा वाचला असेल.

दुपारी नगरला पोचलो. माधुरीच्या घरी जायच्या आधी मी विनायकला सराफ बाजारात थांबवलं. जुन्या दुकानांच्या रांगेत एका मालकांना मी जुना अमेरिकन डॉलर आहे का विचारलं, तेव्हा त्यांनी कपाटातून मखमली डबी काढली. आत लखलखीत डॉलर. मी परवानगी घेऊन पर्समधलं छोटं लोहचुंबक जवळ नेलं. खरी चांदी त्याला चिकटत नाही. डॉलर टुणकन उडून त्याला चिकटला. मालक पोट धरून हसायला लागले.

"बावीस वर्षं जपलाय हो मी हा! मुलीला सांगितलंय, तुझ्या लग्नाला देईन."

"अजून दिला नाही ना?"

"नाही. देवाने वाचवलं." त्यांनी आम्हाला लिंबू सरबत पाजलं आणि चुंबक कुठे मिळतं तेही विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथर्डीचा रस्ता धरला. नगर सोडलं की डोंगर उघडे होत जातात. दसरा होऊन गेला होता. बाजरी निघालेली, तूर कमरेएवढी उभी, आणि माथ्यांवर पवनचक्क्यांची पाती कुणी घाई करत नसल्यासारखी फिरत होती. करंजी घाट उतरलो, तिसगावला गरम भजी खाल्ली. इथून पुढच्या गावांतली कितीतरी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. रस्त्याकडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना रंग लावायचं काम चाललं होतं, एका अंगणात कोयत्यांना धार लागत होती. तालुकाभर निघायची तयारी सुरू होती.

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. का ते पुढे कळेल. फोनमधल्या नकाशाने आम्हाला हमरस्ता सोडायला लावला, मग डांबर सोडायला लावलं आणि शेवटी एका पाझर तलावाच्या बांधावर आणून उभं केलं. पुढे पाणी. मेंढरं घेऊन चाललेली एक बाई थांबली.

"फोन ऐकून आलात ना?" ती म्हणाली. "समदे हितंच येत्यात. माघारी फिरा आन् लिंबाच्या झाडापासनं डावीकडं."

मागे घेताना गाडीचं मागचं चाक चरात गेलं. त्या बाईने, तिच्या काठीने आणि विनायकच्या नव्या चपलांनी मिळून ते बाहेर काढलं.

घर गावाच्या कडेला होतं. दोन खोल्या, वर पत्रा, अंगणात शेळी आणि शेवग्याचं झाड. माधुरीने फोन करून ठेवला होता, त्यामुळे सरूबाई दारातच बसल्या होत्या. बारीक, ताठ, कपाळावर मोठं गोंदण. माझ्या आवाजाच्या दिशेने त्यांनी हात पुढे केला.

"या. माधुरीबाईंच्या मैतरीन ना तुमी? डोळ्याच्या डाक्टर तुमीबी?"

"डॉक्टर नाही, आजी. मी चष्मे करते."

"मंग डोळ्याचंच की."

त्यांचा मुलगा बबन चाळिशीचा, अबोल. सून संगीता, झपझप बोलणारी, हात कायम कशात तरी गुंतलेले. पाणी झालं, गूळ-शेंगदाणे झाले. मग सरूबाई उठल्या आणि भिंत चाचपत आतल्या देवळीकडे (भिंतीतल्या कोनाड्याकडे) गेल्या. तिथे देव होते. दोन टाक (कुलदैवताची मूर्ती उठवलेले चांदीचे पातळ पत्रे), एक बाळकृष्ण आणि मधोमध माझा डॉलर.

'माझा' हा शब्द माझ्या मनात त्या क्षणी आला, तो मी इथे तसाच ठेवते.

"ही आमची गरुडाई," सरूबाई म्हणाल्या. "पाठीवर पाखरू हाय ना, म्हनून."

मी पर्समधून छोटा वजनकाटा काढला. त्याच्या बटणाचा आवाज ऐकून त्यांनी मूठ मिटली. "ते काय?"

"वजन करायचं होतं."

"देव तोलायचा न्हाई, बाई."

मी काटा आत ठेवला. चुंबकही काढलं नाही. नुसतं भिंग काढलं आणि त्यांच्याच तळहातावर ठेवलेलं नाणं बघू लागले. जमवणारे आधी झीज बघतात. बाईचा गुडघा, छाती, डोकं हे उंच भाग आधी जातात. इथे तिन्ही गेले होते. व्यापाऱ्याने असं नाणं एका नजरेत बाजूला सारलं असतं. कडेच्या आतल्या बाजूला हळदीचा थर बसला होता. मी नाणं उलटं करायला सांगितलं. पक्षी धूसर होता. त्याच्या खाली, कडेच्या आडोशाला, अगदी बारीक दोन अक्षरं होती. सी आणि सी.

मी भिंग आणखी जवळ नेलं. कार्सन सिटी नावाच्या खाणींच्या गावात अमेरिकेने एक टांकसाळ उघडली होती. तिथे हे डॉलर थोडीच वर्षं पाडले गेले आणि तेही थोडेच. माझ्या संग्रहात ही दोन अक्षरं नाहीत. ती मिळवण्याची आशाही मी सोडली होती.

"कशी आली ही तुमच्याकडे?" मी विचारलं.

"माज्या सासूची आजेसासू शेवगावाकडं एका गोऱ्या मडमेच्या दवाखान्यात झाडलोट करायची म्हनं. मडम तिच्या देशाला माघारी निघाली तवा हातावर ठिवून गेली. खरंखोटं हिलाच ठावं."

तेवढ्यात बबन पहिल्यांदा बोलला. "बघायची तेवढी बघून घ्या ताई. आमी तोडीला जायच्या आदी सराफाकडं देनार हावोत. भगतानं सांगितलंय, तोंड गेलेला देव पूजू न्हाई. ही आन् ते दोन टाक आटवायचं, नवी घडवून आनायची."

"आटवू नका!"

मी एवढ्या जोरात ओरडले की अंगणातली शेळी उठून उभी राहिली. विनायकने माझ्याकडे बघितलं. मी आवाज खाली आणून सांगायला लागले. हे नाणं अमेरिकेचं आहे. फार जुनं आहे, फार थोडी उरली आहेत. भट्टीत घातलं की संपलं.

"मंग ह्ये देव न्हाई व्हय?" संगीताने थेट विचारलं.

खोटं बोलायचं नव्हतं. "तिकडचे लोक पूजा करत नाहीत हिची. पण ही कुठलीही बाई नाही. ही स्वातंत्र्य आहे. आपण म्हणतो ना, स्वातंत्र्यदेवता."

"म्हंजे देवीच की," सरूबाई म्हणाल्या आणि विषय त्यांच्यापुरता मिटला.

संगीतापुरता तो मिटला नव्हता. "जुनं म्हनता, तर मोल असंल."

मी सांगितलं. झिजलेलं असलं तरी त्या दोन अक्षरांमुळे अंदाजे किती येईल, ते जसं आहे तसं सांगितलं. विनायक नंतर मला म्हणाला की त्या वेळी मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होते. पण ते न सांगता विकत मागायला माझं तोंड उघडलं नसतं. संगीताने पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले. "आत्याबाई," ती वरच्या पत्र्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "घरावर सलाब पडंल."

सरूबाईंचा अंगठा नाण्यावर फिरत होता.

"पर ती झिजली कशानं?" त्यांनी मला विचारलं. "चांदी काय अशी झिजती?"

कुणी माझ्या विषयातला प्रश्न विचारला की मला भान राहत नाही. "राखेने आणि चिंचेने रोज घासल्यामुळे," मी उत्साहाने म्हणाले. "जुनं नाणं कधीच घासायचं नसतं. साधं पाणी आणि मऊ फडकं, बस."

अंगठा थांबला.

"रोज तर मीच घासत हुते," त्या म्हणाल्या. आणि मग, "म्हंजे तोंड म्याच पुसलं तिचं."

मी घाईघाईने सावरायला गेले. तुम्ही एकट्या नाही, तुमच्या सासूबाई, त्यांच्या सासूबाई, सगळ्यांनी मिळून. पण ते त्यांच्या कानात गेलं नाही. त्यांनी नाणं तांबड्या फडक्यात बांधलं, कमरेच्या पिशवीत घातलं आणि पिशवीची गाठ दोनदा ओढली. "आदी डोळं हू द्या. मला बगू द्या तिला. मंग आटवा, न्हाईतर इका."

जेवण झाल्याशिवाय सोडणार नाही, असं संगीताने आधीच ठरवलं होतं. तिने शेंगोळे केले होते (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या), बरोबर बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा. विनायकने तीनदा वाढून घेतलं. सरूबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. भर दुपारी त्या कधी आडव्या होत नाहीत, असं संगीता म्हणाली.

निघताना बबन गाडीपर्यंत आला. त्याने खिशात हात घातले, मग काढले.

"ताई, तुमी आजच घिऊन जा ती. म्हातारीच्या पिशवीतनं मी आनून देतो. तेवढ्याच मापाचा टाक करून ठिवला का तिला कळायचं बी न्हाई. दिसतंय कुठं तिला?"

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. आईला दुखवायचं नाही आणि बायकोच्या डोक्यावर छप्पर घालायचं, यातून त्याने शोधलेली ती वाट होती. माझी पर्स माझ्या हातात होती. पैसे तयार होते, नाणं दहा पावलांवर होतं आणि माझ्या संग्रहात त्याची जागा किती वर्षं रिकामी होती हे मलाच माहीत. विनायकने गाडीचं दार उघडून धरलं.

"नाही," मी म्हणाले. "ऑपरेशन होईपर्यंत तिला हात लावू नका. सराफाकडेही देऊ नका. मी स्वतः येते आजींना न्यायला."

बबन चिडेल असं मला वाटलं होतं. उलट त्याचे खांदे सैल पडले. "बरं झालं," तो म्हणाला. एवढंच.

मधले दिवस माधुरीच्या घरी काढले. विनायकला हिवरे बाजार बघायचं होतं, म्हणून एक दिवस तिकडे गेलो. डोंगरउतारावर आडवे चर, खाली भरलेल्या विहिरी, दूध घेऊन डेअरीकडे निघालेल्या बायका. एक शेतकरी आम्हाला बांधावरून फिरवत त्यांच्या पाण्याच्या हिशेबाबद्दल सांगत होता आणि मी मान डोलवत होते. डोक्यात दुसराच हिशेब. त्या म्हाताऱ्या बाईला मी काय सांगून बसले? तिने इतकी वर्षं रोज सकाळी जे प्रेमाने केलं, त्याला मी झीज म्हटलं होतं. शब्द बरोबर होता, पण तो तिथे, तसा, बोलायला नको होता.

ठरल्या दिवशी सरूबाई आणि संगीताला गाडीत घालून नगरला आणलं. माधुरीने उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया केली. चहा पिऊन होईपर्यंत ती संपलीसुद्धा, असं विनायकचं म्हणणं. डोळ्यावर पट्टी बांधून त्यांना खाटेवर आणलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कमरेची पिशवी चाचपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधुरीने पट्टी काढली. डोळा पुसला, औषध घातलं, बोटं धरून मोजायला लावली. मग मला म्हणाली, "लांबचं स्वच्छ दिसतंय. जवळच्या कामाला चष्मा लागेल. तो तुझा प्रांत." मी दुकानातून आणलेल्या पेटीतून एक जवळचा चष्मा काढला आणि सरूबाईंच्या कानांवर बसवला. दांड्या जरा सैल होत्या, त्या वाकवून नीट केल्या.

खिडकीजवळच्या बाकावर त्यांनी फडकं सोडलं. नाणं तळहातावर घेतलं. उन्हाचा एक पट्टा त्यावर पडला. मी, संगीता, विनायक, माधुरी, चौघंही वाकून बघत होतो.

त्यांनी ते उन्हात कलतं करून बघितलं.

"गेलंय," मग त्या म्हणाल्या. "तोंड गेलंय खरं." आवाज शांत होता. "डोळं बी गेल्तं आन् ही बी पुसली हुती. दोनी खरं."

"आजी, मी त्या दिवशी जे बोलले..."

"थांबा वाईच." त्यांनी नाणं आणखी जवळ धरलं. कपाळावरचं गोंदण गोळा झालं. "ह्ये काय हाय भवतीनं? बारीक बारीक?"

मी वाकून बघितलं. "चांदण्या आहेत. कडेने सगळीकडे."

"चांदन्या?" त्यांनी नखाने एकेक चाचपली. "हिच्या भवती चांदन्या हायेत? ... संगे, बग गं. आगं, समद्या हायेत. एकबी पुसली न्हाई."

मला नवल वाटलं. इतकी वर्षं पूजा केली आणि या कधीच दिसल्या नाहीत? माझा प्रश्न त्यांना चेहऱ्यावरच कळला असावा. सासू होती तोवर सुनेने देवाला हात लावायचा नाही, अशी त्या घरची रीत. सासू गेली तेव्हा सरूबाईंना जवळचं अंधुक दिसायला लागलं होतं. चष्मा कोण करणार? देवळीत उजेड नाही. तोंड तेवढं अंधुक दिसायचं, बाकी गरुडाईला त्यांनी बोटांनीच ओळखलं होतं.

"बसलीया कशी बगा," त्या म्हणाल्या. "रानातनं आल्यावानी. ढाल बाजूला टेकवून. दमली असंल." मग त्यांनी मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. आमची खरी नजरानजर त्या वेळी पहिल्यांदा झाली. "बाई, मी हिला न्हाई देनार. आटवायला बी न्हाई आन् तुमाला बी न्हाई. राग धरू नगा."

राग? मी मान हलवली. खरं सांगायचं तर थोडं दुःख झालं. ती दोन अक्षरं पुन्हा कुठे भेटणार होती?

संगीता खाली मान घालून बसली होती. तिच्या डोळ्यांसमोरून स्लॅब हलला होता, आणि तिची ओढ काही खोटी नव्हती. सरूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी हाय तवर. माज्यामागं ती तुजीच. तवा तू ठरव, ठिवायची का द्यायची."

"भगताला काय सांगायचं मंग?" संगीताने नाक ओढत विचारलं.

"त्याला म्हनावं, आदी तू डोळं तपासून घे."

माधुरी एवढी हसली की शेजारच्या खोलीतली परिचारिका बघायला आली. मी संगीताला माझा नंबर दिला आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. कुणीही येऊन काहीही सांगितलं तरी नाणं हातात द्यायचं नाही, आधी मला फोन करायचा. कुणाला कळू नये म्हणून गावाचं नाव इथे नाही. तिने नंबर घेतला आणि तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन खरा आहे का ते बघितलं. मग म्हणाली, "आन् घासायचं न्हाई. पानी आन् फडकं. मी बघते आता ते."

परतीच्या वाटेवर काळा गॉगल लावलेल्या सरूबाई पुढच्या सीटवर बसल्या. घाटात त्यांनी विनायकला तीन वेळा गाडी थांबवायला लावली. एकदा पवनचक्की बघायला. तिचा आवाज त्या ऐकत आल्या होत्या, पण पाती कशी फिरतात ते नीट दिसलं नव्हतं. एकदा हिरव्या तुरीचं रान बघायला. तिसऱ्यांदा काही बघायला नाही, मागे वळायला. त्यांनी गॉगल कपाळावर चढवला आणि मागच्या सीटवरच्या सुनेकडे कितीतरी वेळ बघितलं.

"संगे, तू पिकलीस की गं."

संगीताने चटकन पदर डोक्यावर ओढला. "झाली दोन-चार वरसं, आत्याबाई."

"कुनी सांगितलं न्हाई मला." त्यांनी हात मागे नेला. संगीताने तो धरला, आणि गाव येईपर्यंत दोघींनी सोडला नाही. गॉगल लावून ठेवा, असं मी दोनदा सांगितलं. माझं कुणी ऐकलं नाही.

अंगणात बबन उभा होता. आईने नाणं देवळीत परत ठेवलेलं त्याने बघितलं. थोड्या वेळाने आतून हातोडीचा आवाज आला. त्याने देवळीवर बल्बचं होल्डर ठोकायला घेतलं होतं. दोन टाक नवे करून आणू, गरुडाई आहे तशी राहू दे, असं तो आईला हातोडीच्या ठोक्यांमध्ये सांगत होता.

निघताना सरूबाईंनी माझी ओटी भरली. मग विचारलं, "माधुरीबाई म्हनत हुत्या, तुमच्याकडं बी हायेत आशा. खरं का?"

"आहेत, आजी. हिच्यासारख्याच."

"म्हंजे भैनीच. कुठं असत्यात?"

"बँकेच्या लॉकरमध्ये."

त्यांना लॉकर म्हणजे काय ते विनायकने समजावलं. अंधाऱ्या लोखंडी कपाटात देवी कोंडून ठेवलेली त्यांना पटली नसावी. "चैती पुनवेला आमच्यात देवीची भेट असती. पोरंबी तवा तोडीवरनं माघारी आलेली असत्यात. तुमची एक घिऊन या. दोघी भैनी भेटतील."

सांगलीला परत आल्यावर नाणी जमवणाऱ्या मित्रांचे फोन आले. मिळालं का? नाही. पण खरं होतं का? खरं होतं. मग का नाही घेतलं? यावर मी वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळी उत्तरं दिली, आणि एकही पुरतं नव्हतं. आतापर्यंत मला वाटत होतं की मी जुनी नाणी वाचवते. माझ्याकडच्या डॉलरवर चेहरा शाबूत आहे, पापण्यासुद्धा मोजता येतील. तो कुणाच्या हातात खेळला नाही, बाजारात फिरला नाही, कुणी त्याला काही मागितलं नाही. पाथर्डीच्या त्या नाण्याचा चेहरा गेला, पण त्याला चार-पाच पिढ्यांच्या बायकांनी सुखदुःख सांगितलं. यातलं कुठलं चांगलं जपलं गेलं, हे मला आता पूर्वीइतक्या खात्रीने सांगता येणार नाही. संग्रह मी सोडलेला नाही. ती दोन अक्षरं दिसली तर मी अजूनही धावत जाईन.

माघ संपत आला तेव्हा मी बँकेत गेले आणि माझा सगळ्यात चांगला डॉलर घरी आणला. तो हवाबंद प्लॅस्टिकच्या कुपीत आहे. बोटांचा घाम लागू नये म्हणून मी तो कधी उघड्या हाताने धरलेला नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवून आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"कुपीतच नेऊ या ना?" विनायक म्हणाला. "त्या हळदकुंकू लावतील. डाग कायमचा बसेल. तूच सांगतेस."

मी मुलाच्या जुन्या कंपासपेटीतली पातळ पोलादी पट्टी घेतली आणि कुपीच्या सांध्यात घातली.